जमिनीवर पाणी सोडलं, मग पीक काय घेतलं?

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातून आलंय. थोडं कमी करून देते.

"ताई, माझं माहेर इंदूरचं. घरी मराठीच बोलायचो पण शाळा हिंदी आणि इंग्लिशमधली, त्यामुळे मराठी वाचायची सवय लागलीच नाही. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन इकडे आले. सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, ते खूप वाचतात, त्यांनी मला प्रेमाने एक दिवाळी अंक आणि दोन कादंबऱ्या वाचायला दिल्या. मी रोज बसते पण एका पानावर पंधरा-वीस शब्द अडतात, प्रत्येक शब्द मोबाईलवर शोधते आणि पान संपेपर्यंत वर काय वाचलं तेच विसरते. त्यात मागच्या महिन्यात पाहुणे आले होते, वाटणीचा विषय निघाला आणि आप्पा म्हणाले, 'त्या ओढ्याकाठच्या जमिनीवर मी केव्हाच पाणी सोडलं.' मी उत्साहाने विचारलं, 'मग पीक काय घेतलं आप्पा?' सगळे गप्प झाले, चुलत सासूबाई हसल्या. रात्री नवऱ्याने सांगितलं की आप्पांनी ती जमीन भावाला सोडून दिली होती आणि त्यांना त्याचं अजून दुःख आहे. तेव्हापासून मी पाहुण्यांसमोर बोलतच नाही. परवा आत्या म्हणाल्या, 'तुझं काय बाई, तू बारा गावचं पाणी प्यायलेली.' हे कौतुक होतं की टोमणा हेही मला कळलं नाही. मी वाक्प्रचारांचं पुस्तक आणून पाठ करू का? आणि आप्पांशी काय बोलू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, तू विचारलेला प्रश्न बावळट नव्हता. ओढा आहे, जमीन आहे, पाणी आहे, म्हणजे शेत भिजवल्याची गोष्ट चाललीय असं तू आजूबाजूच्या शब्दांवरून ताडलंस आणि अनोळखी बोलणं समजून घ्यायची पद्धत हीच असते गं, दुसरी कुठलीही नाही. तुझी पद्धत बरोबर होती, फक्त त्या वाक्यातला एक बारीकसा धागा हातातून सुटला. तो कुठला ते आधी बघू, कारण तो एक धागा दिसला की तुझे निम्मे प्रश्न सुटतील.

तो धागा म्हणजे 'वर'. आपण शेताला पाणी सोडतो, उसाला पाणी सोडतो, पाटाला पाणी सोडतो, धरणातून नदीत पाणी सोडतात. शेत भिजवायचं असेल तर कुठलाही शेतकरी 'शेताला' म्हणेल. पण 'जमिनीवर पाणी सोडलं', 'हक्कावर पाणी सोडलं', 'चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं', 'प्रमोशनवर पाणी सोडलं' असं 'वर' आलं, आणि ज्याच्यावर पाणी सोडलं ती गोष्ट हक्काची किंवा जिवाभावाची असली, की अर्थ एकदम फिरतो, ती गोष्ट आपली नाही असं मानून सोडून दिली असा होतो. याचं मूळ दान देण्याच्या विधीत आहे. दान देताना संकल्प सोडतात, हातावरून पळीभर पाणी सोडतात आणि त्या क्षणापासून ती वस्तू देणाऱ्याची राहत नाही. उदक सोडणे म्हणतात ते हेच. म्हणजे आप्पा त्या एका वाक्यात जमीन गेली एवढंच सांगत नव्हते, मी ती मनाने दिली, आता मागणार नाही, हेही सांगत होते.

आणि अजून दोन खुणा होत्या. एक 'केव्हाच'. शेताला पाणी देणं हे रोजचं काम, त्याला माणूस काल, परवा, सकाळी असं म्हणतो. 'केव्हाच' हा शब्द संपलेल्या गोष्टीला लागतो, केव्हाच विसरलो, केव्हाच सोडलं. दुसरी खूण वाक्याच्या बाहेर होती, विषय वाटणीचा चालला होता, पिकाचा नव्हता. आता तू म्हणशील हे सगळं त्या क्षणी कसं सुचणार, पाहुणे समोर बसलेत, हातात चहाचा ट्रे आहे. नाहीच सुचणार, मान्य. म्हणून तर सवय वाचताना लावून घ्यायची, तिथे कुणी हसत नाही आणि मागे जाऊन वाक्य परत वाचता येतं.

पाण्यावरून निघालंच आहे तर थोडं पाण्यातच राहू, कारण मराठीने पाण्याला फार कामाला लावलंय. 'मोठी जाऊ तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघते.' 'हिशोब जुळत नाहीये, कुठेतरी पाणी मुरतंय.' 'साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि माझं पाणी जोखलं.' 'फायनलला आमच्या पोरांनी त्यांना पाणी पाजलं.' 'पावसाने वर्षभराच्या कष्टावर पाणी फिरवलं.' 'त्या बाईने रक्ताचं पाणी करून पोरं शिकवली.' पाणी सगळीकडे तेच आहे, अर्थ ठरवतंय ते शेजारचं क्रियापद. म्हणून वाक्प्रचार आलाय असा संशय आला की नामाकडे बघत बसू नकोस, क्रियापदाकडे बघ आणि नामाला चिकटलेल्या ला, वर, त, ने, चा यांच्याकडे बघ. आपल्याला शाळेत शिकवतात की मोठे शब्द महत्त्वाचे, पण बोलीत खरी चावी या चिल्लर अक्षरांकडे असते.

दुसरी एक साधी परीक्षा आहे. शब्दाचा सरळ अर्थ घालून बघायचा आणि विचारायचं, असं घडू शकतं का? फायनलला पाणी पाजलं, तर तिथे तहानलेलं कोण होतं? कुणीच नव्हतं, उलट हरलेली टीम आहे, म्हणजे पाणी पाजणं म्हणजे हरवणं. हिशोबात पाणी कसं मुरेल? वहीत तर पाणी नाही, पण जुळत नाही म्हटलंय, म्हणजे पैसे कुणीतरी आत जिरवतंय असा संशय. सरळ अर्थ विचित्र वाटला की समज खाली दुसरा अर्थ आहे. तुझ्या बाबतीत अडचण अशी झाली की ओढ्याकाठच्या जमिनीवर पाणी सोडणं हे सरळ अर्थानेही घडू शकत होतं, दोन्ही अर्थ बसत होते, आणि असे प्रसंग सगळ्यात अवघड, भल्याभल्यांना अवघड. अशा वेळी एक वाक्य थांबायचं. पुढचं वाक्य आपोआप निकाल देतं. आप्पा पुढे 'भावापेक्षा जमीन मोठी नाही' असलं काहीतरी बोलले असते किंवा समोरचा माणूस 'जाऊ द्या आप्पा' म्हणाला असता आणि तुला कळलं असतं.

आता आत्यांचं 'बारा गावचं पाणी'. याचा अर्थ खूप अनुभव घेतलेली, जग बघितलेली. पण हा वाक्प्रचार दुधारी आहे, हुशार असाही होतो आणि बेरकी, कुणाला सहज न सापडणारी असाही होतो, आणि कुठलं पुस्तक तुला सांगू शकणार नाही की आत्यांच्या मनात कुठला होता. ते त्याच्या आधी काय बोलणं चाललं होतं त्यावरून कळेल. तू एकटी इंदूरहून रेल्वेने आलीस, तिकिटाचा घोळ निस्तरलास असं काही चाललं असेल तर शंभर टक्के कौतुक. आणि तू एखादं काम टाळलंस किंवा कुणाला हुशारीने उत्तर दिलंस त्यावर म्हणाल्या असतील, आणि 'तुझं काय बाई' ला हेल काढला असेल, तर थोडा चिमटा होता. 'तुझं काय बाई' ही सुरुवात मला जरा चिमट्याकडे झुकलेली वाटते, पण मी तिथे नव्हते, तू होतीस. म्हणणारी कोण, कुणासमोर म्हणाली, आधी काय झालं होतं, म्हटल्यावर तिचे डोळे हसत होते का. बोलण्यातला संदर्भ म्हणजे हे सगळं, फक्त शब्द नाही.

बरं, आता वाचनाकडे येते, कारण मला वाटतं तुझी खरी दमछाक तिथे होतेय आणि त्यात तुझी चूक नाहीये, निवड चुकलीय. पॉल नेशन नावाचे न्यूझीलंडचे अभ्यासक आहेत, शब्दसंपत्ती कशी वाढते यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकारी बाईंनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर एक अभ्यास केला, त्यातून असं निघालं की गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे लागतात. म्हणजे ५० शब्दांमागे एकच अनोळखी. अभ्यास इंग्रजीचा होता, मराठीला आकडा तंतोतंत तोच असेल असा माझा दावा नाही, पण हिशोब करून बघ. पुस्तकाच्या पानावर धर अडीचशे-तीनशे शब्द असतात, त्यात पाच-सहा अनोळखी असतील तर आजूबाजूचे शब्द तुला उचलून धरतात. तुझे अडतात पंधरा-वीस. एवढे अडले की अंदाज ज्याच्या आधाराने बांधायचा ते शेजारचे शब्दच अनोळखी निघतात, मग संदर्भ कुठून आणणार? त्या दोन कादंबऱ्या सध्या कपाटात ठेव, आप्पांना सांगून ठेव, लपवून नको. दिवाळी अंकातले छोटे लेख घे, पाककृतीचं पान, आठवणी, प्रवासाचं वर्णन, पेपरमधल्या जिल्ह्याच्या पानावरच्या बातम्या, मुलांच्या गोष्टी. जिथे विषय तुला आधीच माहितीये तिथे शब्द लवकर शरण येतात. तुला स्वयंपाक येतो ना, मग पाककृतीत 'कांदा गुलाबीसर होईपर्यंत परता' वाचलंस की परतणं म्हणजे काय हे कढईच सांगते, 'मागे परतला' मधलं परतणं वेगळं हेही तिथेच कळतं.

एक तुकडा करून दाखवते, मीच लिहिलाय, साधासा.

'नानांचा स्वभाव तसा तिरसट. सकाळी कुणी चहाला बोलावलं तरी, आमच्या घरी चहा नाही काय, म्हणून खेकसायचे. पण नातीपुढे त्यांची मात्रा चालायची नाही. ती येणार असली की ओसरी झाडायची, पसारा आवरायचा, अशी त्यांची पहाटेपासून लगबग.'

समज तिरसट, खेकसणे, मात्रा, ओसरी, लगबग हे पाचही तुला अडले. मोबाईलला हात लावू नकोस. तिरसटवर थांबू नको, पुढे जा, पुढचं वाक्य त्याचंच उदाहरण आहे. लिहिणारे लोक असं फार करतात, आधी गुण सांगतात आणि मग लगेच प्रसंग. प्रेमाने चहाला बोलावणाऱ्याला जो माणूस असं उत्तर देतो तो कसा, हे तुला कळतं, तोच तिरसट. खेकसायचे, तर ते अवतरणातलं वाक्य माणूस कुठल्या आवाजात म्हणेल ते मनात म्हणून बघ, हळू गोड म्हणशील का? नाही ना, अंगावर येऊन म्हणशील. मग 'पण' येतो. या 'पण'ला मी सोन्याच्या भावाने तोलते. पण, तरी, उलट, मात्र, एरवी, यातलं काही दिसलं की समज आता गाडी उलट्या दिशेला जाणार. म्हणजे नातीपुढे तो तिरसटपणा नाही, त्यांचं काही चालत नाही. मात्रा हा आयुर्वेदिक औषधाचा शब्द, मात्रा उगाळून चाटवतात, ती लागू पडली नाही म्हणजे इलाज चालला नाही, पण हे मूळ तुला माहीत नसलं तरी अर्थ लागलाच की. ओसरी झाडतात म्हणजे घराचाच काहीतरी भाग, बास, एवढं आत्ता पुरे, ती पुढची की मागची याने गोष्टीत फरक पडत नाही. आणि लगबग, त्याच्या मागेपुढे झाडणं आहे, आवरणं आहे, पहाटे आहे आणि नात येणार म्हणून आनंद आहे, तर घाईघाईची आनंदाची हालचाल. धांदलही घाईच, पण धांदलीत माणूस गोंधळलेला असतो, लगबगीत नसतो. हा बारीक फरक पहिल्या भेटीत कळणार नाही आणि कळावा अशी अपेक्षाही ठेवू नकोस.

कारण शब्द माणसासारखा असतो, एका भेटीत पूर्ण कळत नाही. पहिल्या भेटीत फक्त दिशा पकड, चांगलं की वाईट, वस्तू की वागणं, जास्त की कमी. दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी भेटला की अर्थ आवळत जातो. तू आत्ता काय करतेस, पहिल्याच भेटीत शब्दाची जन्मपत्रिका मागतेस, आणि त्यात गोष्ट हातातून जाते.

तुझं हिंदी हा तुझा मोठा आधार आहे, त्याची लाज बाळगू नकोस. कान भरणं, नाक कापणं, डोळा मारणं, हे दोन्हीकडे सारखंच. मराठीतले जोडशब्द तर तुझ्यासाठी मांडूनच ठेवलेत. बाजारहाट, यातला हाट तुला माहितीये ना? दगडधोंडे, कामधंदा, थट्टामस्करी, धनदौलत, डावपेच, अशा जोड्यांत बहुतेक वेळा दोघं सख्खे शेजारी असतात, एक ओळखला की दुसरा कळला. शेपट्या पण बघत जा. लाचखोर, भांडखोर, चहाडखोर, यातला खोर कधी कौतुकाला येत नाही. झोपाळू, विसराळू, लाजाळू हे सवयीचे. नापीक, गैरहजर, बिनपगारी यात नकार पुढेच उभा आहे.

पण जिथे हिंदी आणि मराठीचा चेहरा सारखा आणि मन वेगळं, तिथे सावध राहा, आणि इंदूरच्या मुलीला हे जास्त सांगायला हवं. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, चेष्टा म्हणजे मस्करी, संधी म्हणजे मौका, खून म्हणजे हत्या, खाली म्हणजे नीचे, अभ्यास म्हणजे पढाई, संसार म्हणजे घरगृहस्थी, प्रकृती म्हणजे बऱ्याचदा तब्येत. अभिमान तर बघ, हिंदीत तो घमेंडीकडे झुकतो आणि मराठीत सासरे सुनेला 'मला तुझा अभिमान वाटतो' म्हणतात तेव्हा ते मनापासूनचं कौतुक असतं. इथेही तीच परीक्षा, ओळखीचा अर्थ घालून बघायचा. 'न्यायालयाने आरोपीला सात वर्षांची शिक्षा सुनावली', कोर्ट कुणाला सात वर्षं शिकवायला पाठवतं का? नाही. म्हणजे हा शब्द ओळखीचा दिसतोय पण माझा नाही, हे समजलं की अर्ध काम झालं. अनोळखी शब्दापेक्षा अर्धवट ओळखीचा शब्द जास्त फसवतो, कारण तिथे आपण थांबतच नाही.

काही वाक्प्रचार असे आहेत की त्यांच्या पोटात इतिहास आहे. 'निरोप पोचवताना त्याने ध चा मा केला आणि दोन भावांचं बोलणं बंद झालं.' अर्थ लागतो, निरोप बदलला आणि त्यातून वाईट घडलं. पण मागची गोष्ट संदर्भावरून कळणार नाही, ती कुणीतरी सांगावी लागते. ३० ऑगस्ट १७७३ ला पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि 'धरावे' असा हुकूम होता तो आनंदीबाईंनी 'मारावे' केला अशी आख्यायिका तेव्हापासून चालत आलीय. 'अटकेपार झेंडा लावला' यामागे १७५८ मध्ये मराठे सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचले ती मोहीम आहे. 'निवडणुकीत त्यांचं पानिपत झालं' हे तर पेपरात कायम असतं, १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई, त्या मोहिमेत तुमच्या इंदूरचे मल्हारराव होळकरही होते.

पानिपतावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लढाईनंतर उत्तरेतल्या सावकाराचं पत्र नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलं, त्यात साधारण असा मजकूर होता की दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. नुसते शब्द घेतले तर एखाद्या व्यापाऱ्याचं नुकसान. पण वाचणाऱ्याला माहीत होतं की आपला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ लढाईवर आहेत, बातमी बरेच दिवस आलेली नाही, आणि सावकार उगाच मोत्यांबद्दल लिहिणार नाही. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. दोन मोती कोण, मोहरा कोण, खुर्दा म्हणजे किती हजार साधी माणसं, सगळं कळलं. मला दर वेळी हे पत्र आठवलं की वाटतं, कोश शब्दांचा असतो, अर्थ माणसांच्या परिस्थितीत असतो.

म्हणूनच वाक्प्रचारांची यादी पाठ करू नकोस असं मी सांगते. समज तू 'पाणी सोडणे, त्याग करणे' असं दहा वेळा लिहून पाठ केलं असतंस, तरी ओढा, जमीन आणि आप्पा यांच्या मधोमध ते वाक्य आलं तेव्हा तुला ते यादीतलं पाणी आठवलं नसतं. यादीत ते 'वर' नसतं, 'केव्हाच' नसतं, वाटणी नसते. त्यापेक्षा एक वही कर, त्यात शब्द नको, अख्खं वाक्य लिही, कुणी म्हटलं आणि कधी तेही. पहिलं वाक्य आप्पांचंच लिही. खाली तुझा अंदाज लिही, पेन्सिलने, आणि मगच कोश उघड. कोशाशी माझं भांडण नाहीये, उलट माझं प्रेम आहे, फक्त तो दुसरा हवा, पहिला नको. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती, आज मोबाईलवर फुकट बघता येते, तुला इंग्लिश येतं म्हणून तो सोयीचा पडेल. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, त्यांचाच वाक्संप्रदाय कोश खास वाक्प्रचार आणि म्हणींसाठी आहे. अंदाज आधी बांधलेला असला की कोशातल्या सहा अर्थांपैकी आपला कुठला हे चटकन दिसतं. नाहीतर बहुतेक लोक पहिला अर्थ उचलतात आणि चुकतात.

आणि सांगली-कोल्हापूरकडच्या बोलीचं काय, तर त्यातलं बरंचसं तुला जुन्या कोशात मिळायचंच नाही. एखादा पोरगा मॅच बघताना 'नादखुळा!' ओरडला तर त्याचा चेहराच कोश आहे. जेवताना कुणी 'कालवण वाढ' म्हटलं आणि हात आमटीच्या पातेल्याकडे केला, तर झालं.

एका ठिकाणी मात्र अंदाज अजिबात नको, आणि तुमच्या घरात वाटणीचा विषय आहे म्हणून मुद्दाम सांगते. सातबारा, फेरफार, वहिवाट, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र असले शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची वेळ आली तर साधारण कळलं यावर भागवायचं नाही. प्रत्येक शब्द विचारायचा, घरात विचारायचा आणि घराबाहेरच्या वकिलालाही विचारायचा. गोष्टीत ओसरी कुठली ते नाही कळलं तरी चालतं, कागदावर नाही चालत. औषधाच्या चिठ्ठीचंही तेच. आणि हक्कसोडपत्र हा शब्द बघ जरा, आप्पा बोलीत जे म्हणाले तेच कचेरीच्या भाषेत आहे हे.

आता आप्पा. तू महिनाभर गप्प आहेस, आणि मला वाटतं त्या गप्प बसण्याने त्यांना त्या प्रश्नापेक्षा जास्त लागत असेल. वाचणारा माणूस आहे, आपली पुस्तकं सुनेच्या हातात देणारा, तो तुझ्या एका प्रश्नावर रागावून बसणार नाही. चुलत सासूबाई हसल्या ते सोडून दे, त्यांच्याशी तुला काही मिटवायचं नाहीये. एखाद्या संध्याकाळी ते एकटे बसलेले असताना चहा घेऊन जा आणि सरळ सांग, 'आप्पा, त्या दिवशी मला पाणी सोडणं कळलं नाही, मला वाटलं तुम्ही रान भिजवल्याचं सांगताय, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी.' एवढंच. जमिनीचं काय झालं, भावाने काय केलं, हे तू विचारू नकोस. त्यांना सांगायचं असेल तर ते स्वतः सांगतील, आणि सांगितलं तर ऐकून घे, मध्ये अर्थ विचारू नकोस, नंतर विचार.

आणि मग त्यांना एक काम दे. दिवाळी अंकातला एक लेख मला मोठ्याने वाचून दाखवाल का, म्हण. रोज दोन पानं. मोठ्याने वाचणारा माणूस कुठे थांबतो, कुठे आवाज चढवतो, कुठे हसतो, हे सगळं अर्थच सांगत असतं, आणि तुझ्या डोळ्यांना जे अक्षर अडतंय ते कानाला कदाचित लहानपणापासून ओळखीचं असेल, कारण घरी तू मराठीच ऐकलीयेस. मध्ये एखादा शब्द अडला तर लगेच थांबवू नकोस, पान होऊ दे, मग म्हण, आप्पा, मला याचा अर्थ असा वाटला, बरोबर आहे का. अर्थ काय असं विचारण्यात आणि मला असा वाटला असं विचारण्यात फार फरक आहे, दुसऱ्यात ते तुझ्याशी बोलायला लागतील.

वहीतलं आप्पांचं वाक्य त्यांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. महिन्याभराने मला परत लिही, तोवर पानावर किती शब्द अडतात ते मोजून ठेव.

तुझी,
ताई